मांडवीकाठच्या जुन्या काचा आणि एप्सन व्ही८५०

गोव्यातल्या कुणबी बाईचं कापड लाल चौकड्यांचं. खांद्यावर देठलीची गाठ, काठ गुडघ्याच्या जरा खाली, चिखलात उतरून रोप लावायला सोपं. जुन्या फोटोत मात्र हेच कापड जवळजवळ काळं दिसतं, आणि केसांत माळलेली आबोली तर दिसतच नाही. बाई काळं नेसली होती आणि तिने फुलं माळली नव्हती, असं वाचणारे आजही आहेत. म्हणून गोव्यातल्या जुन्या फोटोंसाठी स्कॅनर पारखताना आमची कसोटी एकच: त्या काळ्या भागात दडलेली चौकडी फाइलमध्ये उतरते का? एप्सन परफेक्शन व्ही८५० प्रो या कसोटीला उतरतो. अट एवढीच की त्याच्या सॉफ्टवेअरमधली अर्धी बटणं आधी बंद करायची.

लाल काळा का होतो, हे कळल्याशिवाय स्कॅनरचं एकही सेटिंग नीट लावता येत नाही, म्हणून थोडं त्याबद्दल. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच डेव्हलप करायचं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकलं नाही तर प्लेट वाया. कोलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल. आपल्याकडच्या उन्हात ती आणखी लवकर वाळते आणि कोपऱ्यांपासून डाग धरते. या प्लेटला दिसतो तो फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश. निळं आकाश कोरं पांढरं येतं, निळीने रंगवलेली भिंत चुन्यासारखी दिसते, आणि लाल, नारिंगी, पिवळं सगळं अंधारात जातं. जांभा दगड, कौलं, आबोली, कुणबी कापड हे सगळे त्याच अंधारातले. माणसाच्या कातडीतही लाल-तपकिरी छटा असल्यामुळे चेहरे असतील त्याहून गडद येतात. गावडे, कुणबी, वेळीप यांचे 'नमुने' म्हणून काढलेले फोटो बघताना ही गोष्ट विसरली, तर प्लेटचा दोष आपण माणसाच्या अंगाला चिकटवतो.

१८७१ मध्ये मॅडॉक्सची जिलेटिनची कोरडी प्लेट आली आणि त्या दशकाच्या शेवटी ती बाजारात मिळू लागली. फोटोग्राफरची तंबूतली धावपळ संपली, पण लाल रंगाचं आंधळेपण तसंच राहिलं. १८७३ मध्ये फोगेलने रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा दिसेल अशी सोय शोधली. त्यातून निघालेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटलाही लाल दिसत नव्हता. सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटी १९०६ पासून विकायला आल्या, आणि त्यानंतरही बराच काळ स्टुडिओवाले जुन्याच प्लेटी वापरत राहिले, कारण त्या लाल दिव्यात बघत डेव्हलप करता येत. तेव्हा विसाव्या शतकातला फोटो म्हणजे रंगांचं प्रमाण बरोबर, असं धरून चालू नका.

आता यंत्राकडे. व्ही८५० हा ए४ मापाचा फ्लॅटबेड आहे. झाकणात काच आणि फिल्मसाठी वेगळा दिवा, आणि आरपार स्कॅनिंगचं क्षेत्र ८ × १० इंच, म्हणजे सुमारे २०३ × २५४ मिमी. इथेच तो धाकट्या व्ही६०० पासून वेगळा पडतो. व्ही६०० च्या झाकणातल्या दिव्याची पट्टी सात सेंटीमीटरही रुंद नाही. १२० ची रोल फिल्म त्यात मावते, काचेची प्लेट मावत नाही. घरात फक्त छापील फोटो असतील तर तीन-चार पट पैसे जास्त मोजून व्ही८५० घेऊ नका, व्ही६०० पुरतो. एक जरी ९ × १२ किंवा १३ × १८ सेंटीमीटरची काच असेल तर व्ही६०० चा विचार सोडा. इंग्रजी मापाची अर्धी प्लेट (४¾ × ६½ इंच) आणि पूर्ण प्लेट (६½ × ८½ इंच) दोन्ही व्ही८५० मध्ये बसतात. नदीचे, बंदराचे, चर्चचे मोठे देखावे मात्र कधी १० × १२ इंचांच्या काचेवर असतात; ते बसत नाहीत. अशी काच दोनदा सरकवून जोडण्यापेक्षा लाइट टेबलवर ठेवून वरून कॅमेऱ्याने घ्यावी. तेवढी जड काच फ्लॅटबेडवर उलटसुलट करणं धोक्याचं आहे.

स्वस्त, चपटे स्कॅनर आणि ऑफिसातले प्रिंटर-स्कॅनर यांच्याबद्दल एवढंच सांगतो: त्यांत बहुधा सीआयएस (कागदाला अगदी लागून बसणारा) सेन्सर असतो आणि त्याला फोकसची खोली जवळजवळ नसते. कागद काचेला टेकला तर अक्षर स्वच्छ, दोन मिलिमीटर उचलला की धूसर. जुना अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावरचा) फोटो हमखास वळलेला असतो, आणि फ्रेममधला फोटो काचेपासून लांब असतो. व्ही६०० आणि व्ही८५० दोघांतही सीसीडी (लेन्समधून बघणारा सेन्सर) आहे, त्यामुळे फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर न ओढता काचेसकटच स्कॅन करता येतो. चिकटलेला फोटो ओढू नका. जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो.

व्ही८५० मध्ये दोन लेन्स आहेत, आणि बहुतेकांची चूक होते ती इथे. सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्म होल्डर' निवडलं की ६४०० पीपीआयची (इंचाला ६४०० ठिपके टिपणारी) लेन्स चालते. ती साधारण १५ सेंटीमीटर रुंदीचाच पट्टा बघते आणि तिचा फोकस काचेपासून सुमारे तीन मिलिमीटर वर असतो. 'फिल्म एरिया गाइड' निवडलं तर ४८०० ची लेन्स येते, रुंदी पूर्ण मिळते आणि फोकस थेट बेडच्या काचेवर. १३ × १८ ची प्लेट पहिल्या लेन्समध्ये बसते. तिच्या चार कोपऱ्यांखाली माउंटबोर्डचे तुकडे ठेवून ती उचला, २.५, ३ आणि ३.५ मिमी अशा तीन उंचींवर एकेक चाचणी घ्या आणि सगळ्यात रेखीव आलेली उंची तुकड्यांवर लिहून ठेवा. प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा वेगळा असतो. पूर्ण प्लेट १६.५ सेंटीमीटर रुंद, तिला दुसरी लेन्स. ती बेडवर जवळजवळ टेकलेली हवी, पण काचेला काच टेकली की इंद्रधनुषी वलयं उठतात. पातळ कागदाची चौकट कापून मध्ये घातली की वलयं जातात आणि फोकसही बिघडत नाही.

इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली, बाजू खाली. ती ओळखायची तर प्लेट तिरकी धरा: चकचकीत बाजू काचेची, मंद बाजू इमल्शनची. अशी ठेवल्यावर चित्र उलटं, आरशातल्यासारखं येतं. नंतर आडवं फिरवून घ्यायचं. फिरवलंय की नाही हे विसरायला होतं, म्हणून नदीची खूण लक्षात ठेवा. मांडवीपलीकडच्या बेतीच्या काठावरून पणजी घेतली असेल तर कांपाल आणि समुद्र उजव्या हाताला, पाटो आणि रायबंदरकडे जाणारा लिन्यारीशचा लांब पूल डाव्या हाताला. उलट दिसलं तर चित्र उलटं आहे.

प्लेटच्या चारही बाजूंनी काळ्या कार्डाची खिडकी लावा. उघड्या जागेतून येणारा दिव्याचा उजेड प्लेटच्या कडांवर सांडतो आणि पाण्याचा भाग फिका पडतो. मात्र बेडच्या वरच्या टोकाची मोजणीची पट्टी या कार्डाने झाकू नका. स्कॅनर दर वेळी तिथला उजेड बघून स्वतःला जुळवून घेतो. ती झाकली गेली की चित्रभर उभ्या रेषा येतात, आणि लोक यंत्र बिघडलं समजून दुरुस्तीला पाठवतात.

६४०० हा आकडा खोक्यावरचा. प्रत्यक्षात हाती लागतो तो तपशील २४०० पीपीआयच्या आसपास थांबतो, त्यापुढे फक्त फाइल फुगते. १३ × १८ ची प्लेट २४०० ला, १६ बिट ग्रेमध्ये, सुमारे ४२० एमबीची होते. १८ × २४ ची १२०० ला १९० एमबीच्या पुढे. छापील फोटोचा हिशेब वेगळा: कार्त द व्हिझितचं (जुन्या छोट्या, खिशात मावणाऱ्या फोटोचं) कार्ड साधारण ६४ × १०० मिमी, ते १२०० ला, कॅबिनेट कार्ड १०८ × १६५ मिमी, त्याला ६०० पुरे. फोटो काळा-पांढरा वाटला तरी ४८ बिट रंगातच घ्या. अल्ब्युमिनचा जांभळट तपकिरी रंग आणि उजळ भागातला पिवळेपणा हाच तो कुठल्या पद्धतीचा आहे याचा पुरावा, आणि ग्रेमध्ये तो पुसला जातो.

कोलोडियनच्या निगेटिव्हची एक अडचण व्ही८५० पुरती सोडवत नाही. त्या काळी निगेटिव्ह मुद्दाम दाट काढत, कारण अल्ब्युमिन कागदाला तशीच लागे. चुना लावलेली चर्चची दर्शनी भिंत प्लेटवर इतकी दाट असते की दिवा तिच्यातून जेमतेम पार होतो. कंपनी ४.० डीमॅक्स (किती दाट भागापर्यंत यंत्राला दिसतं त्याचा आकडा) सांगते. तेवढ्याची आशा धरू नये. सोबत येणाऱ्या सिल्व्हरफास्ट सॉफ्टवेअरमध्ये मल्टी-एक्सपोजर (जास्त उजेडाचा दुसरा स्कॅन जोडणं) आहे, ते चालू केलं की भिंतीवरच्या खिडक्यांच्या कडा परत मिळतात. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या.

आता बंद करायची बटणं. डिजिटल आइस सगळ्यात आधी: ते इन्फ्रारेडवर चालतं, आणि चांदीचा कण इन्फ्रारेडलाही अडवतो, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये ते चित्रालाच धूळ समजतं. त्यापाठोपाठ 'डस्ट रिमूव्हल'. मांडवीच्या पात्रात मासेमारीचे खुंट असतात, पडावाच्या डोलकाठ्या असतात, मीठागराच्या बांधावर ठिपक्याएवढी माणसं असतात. धूळ काढणारं सॉफ्टवेअर आधी नेमकी हीच काढतं. चौकडीच्या बारीक रेघाही त्यातच जातात. 'अनशार्प मास्क', 'बॅकलाइट करेक्शन', 'कलर रिस्टोरेशन' तिन्ही बंद. प्रोफेशनल मोडमध्ये हिस्टोग्राम उघडून काळ्याचं आणि पांढऱ्याचं टोक हाताने ओढा, चित्राच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवून. ऑटोवर सोडलं की यंत्र गडद टोक छाटतं, आणि छाटलं जातं ते कुणबी कापडच. मूळ फाइल टिफमध्ये, हात न लावता ठेवा. सावल्या उचलण्याचं काम तिच्या प्रतीवर करा. चौकडी असेल तर तिथे दिसते.

या यंत्राला न जमणारी एक गोष्ट म्हणजे रुपेरी झालेले फोटो. जिलेटिनच्या जुन्या फोटोंच्या गडद भागांवर, खास करून कडांना, निळसर आरशासारखी झाक येते. स्कॅनरचा दिवा तिच्यावर चमकतो. फोटो ९० अंशांनी फिरवून परत घेतला तर थोडा फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे, आणि दिव्यांवर व लेन्सवर एकमेकांना काटणारे पोलरायझर.

पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर काचा बाहेर काढू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ओल्या हवेत जिलेटिन फुगून चिकट होतं, स्कॅनरच्या काचेला धरतं, आणि बुरशीला तर ते खाद्यच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी ही कामाची वेळ. एसीच्या खोलीतून काच थेट व्हरांड्यात आणली की तिच्यावर दव धरतं. कागदात गुंडाळलेली ठेवून तासभर थांबा आणि मगच उघडा. सफाई रबरी पिचकारीच्या हवेने, फार तर मऊ ब्रशने. इमल्शनला पाणी नाही, स्पिरिट तर मुळीच नाही: कोलोडियन आणि त्यावरचं वॉर्निश दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळतात. याच कारणासाठी व्ही८५० वर फ्लुइड माउंटिंग (द्रवाच्या थराने चिकटवून स्कॅन करणं) करता येत असलं तरी प्लेटसाठी ते वापरू नका. फुटलेल्या काचेचे तुकडे दुसऱ्या स्वच्छ काचेवर जुळवून मांडा, मध्ये बारीक फट ठेवा. एकमेकांना घासले की कडेचं इमल्शन उडतं. काम झाल्यावर प्लेट चार पाकळ्यांच्या आम्लरहित कागदात, लांब कडेवर उभी. फुटलेली असेल तर आडवी. प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात वाफ कोंडते, वर्तमानपत्राचा कागद आम्लाने डाग पाडतो. स्कॅनरच्या बेडच्या काचेला आतून धुकट थर येतो, तोही वर्षातून एकदा टॉर्च तिरका मारून बघावा.

एवढं करून चित्र हाती आलं की ते वाचायचं कसं? पणजीला १८४३ मध्ये 'नोवा गोवा' म्हणून राजधानीचा दर्जा मिळाला आणि फोटोग्राफी जगाला कळली १८३९ मध्ये. राजधानी आणि कॅमेरा साधारण बरोबरीचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोवा गोव्यात सौझा अँड पॉल यांचा स्टुडिओ काम करत होता, त्यांचे देखावे आजही संग्रहांत भेटतात. अशा देखाव्यांत धक्का ओस आणि नदी दुधासारखी सपाट असेल तर तो ओस होता असं नाही. जुन्या प्लेटचं एक्सपोजर बरेचदा काही सेकंदांचं. चालणारा माणूस पुसला जातो, हलणारी होडी धूसर होते, लाटा एकमेकींत मिसळतात. २४०० ला मोठं करून बघा, धक्क्यावर धुरकट पायांचे पट्टे सापडतात.

काळ ठरवायला इमारतींचा आधार घ्या. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा मधला घंटेचा मनोरा १८७१ चा. तो नसेल तर फोटो त्याआधीचा. जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन चर्चची दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये कोसळला. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा दिसला तर फोटो १९४५ नंतरचा. पद्धत ओळखायला दहापट भिंग पुरतं: कागदाचे तंतू थरातून दिसले तर बहुधा अल्ब्युमिन, तंतू झाकलेले आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर जिलेटिन, नियमित ठिपके दिसले तर तो फोटो नाही, छापखान्याचं काम.

माणसांच्या फोटोंना आणखी एक तपास लागतो. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यांतली माणसं स्टुडिओत घेतलेली, मग कापून देखाव्यांवर बसवलेली आहेत. अशी कारागिरी दुसऱ्या कुणीही केलेली असू शकते. आकृतीभोवतीची कड जास्तच धारदार, पायाखाली सावली नाही, किंवा सावली एका बाजूला आणि मागच्या झाडांची दुसऱ्या बाजूला, असं दिसलं की त्या शेताला किंवा नदीकाठाला पुरावा मानू नका. कपडे आणि दागिने पुरावा आहेत, जागा नाही.

याच कारणाने आपोआप रंग भरणाऱ्या ॲपना आमचा ठाम विरोध आहे. त्यांना राखाडी छटा कळते, प्लेट कुठली हे कळत नाही. कुणबी कापड ती गडद निळं किंवा काळं रंगवतात, निळी भिंत पांढरी ठेवतात, चेहरे सरसकट एकाच तपकिरीत बुडवतात. आणि एकदा का असं चित्र फिरायला लागलं की लग्नाच्या पत्रिकेपासून महोत्सवाच्या फलकापर्यंत तेच खरं ठरतं. रंग भरायचाच तर अजून कापड नेसणाऱ्या घरातल्या आज्जीला विचारून, हाताने, आणि फाइलच्या नावातच 'रंग नंतर भरलेला' असं लिहून.

पाठीमागची बाजूही तेवढ्याच रिझोल्यूशनने स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, क्रमांक, पेन्सिलीचं टिपण तिथेच असतं. कुणब्यांसाठी पोर्तुगीज 'कुरुंबिन' हा शब्द तिथे आला तर तो जसाच्या तसा उतरवा आणि आपलं वाचन वेगळ्या रकान्यात ठेवा. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी ख्रिस्ती गावड्यांना हिंदू करून घेतलं; त्या शुद्धीकरणाआधीच्या फोटोखाली 'नवहिंदू गावडा' लिहू नका, ती ओळखच तेव्हा नव्हती. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. तोही जुन्या फोटोच्या मथळ्यात मागे ढकलू नका. चोळी नसलेल्या बायकांचे किंवा धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या, मांडावरचे फोटो त्या वाड्यावर विचारल्याशिवाय ऑनलाइन नकोत.

विचारायला जाताना मोबाइलवरची प्रतिमा नेऊ नका, ८ × १० इंचांचा मॅट प्रिंट न्या. चौकडी प्रिंटवरच नीट दिसते, आणि तो हातोहात फिरतो. मागे मऊ पेन्सिलीने फाइलचा क्रमांक घाला, त्याखाली 'नाव', 'वाडा', 'कुणी ओळखलं' असे तीन रिकामे रकाने ओढा, आणि प्रिंट तिथेच ठेवून या.